रावणाचं सोंग आणि गोदीतला भाई

लाडक्यादादा, हे पत्र हेमराजकडून वाचून घ्या. वाचता वाचता तो घसा खाकरून दोन ओळी गाळू लागला, तर समजा की तिथं त्याच्याबद्दल काहीतरी लिहिलंय, आणि त्याला मागं फिरवा. तुमची गोष्ट लिहिते आहे. आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर "बाई, मी असं काय केलं?" म्हणत तुम्ही अर्धा तास घेतला असता आणि शेवटी हो म्हणाला असता. तो अर्धा तास वाचला. आणखी एक. समोर तुम्हाला अहोजाहो करते, पण गोष्टीत 'तो' म्हणणार आहे. गोष्टीत 'ते' म्हटलं की माणूस खुर्चीत बसून राहतो, आणि त्या रविवारी तुम्ही खुर्चीत बसायला काही केल्या तयार नव्हता. राग आला तर पत्राच्या मागच्या बाजूला लिहून पाठवा.

तर लाडक्या. मोखाड्यापासून दोन कोस आत, सव्वीस घरांच्या पाड्यावरचा. वय आधारकार्डावर एकसष्ट, त्याच्या स्वतःच्या हिशेबानं चौसष्ट, आणि बायकोला, म्हणजे बाळीला, विचारलं तर ती म्हणते, "गुडघे बघा न् तुम्हीच ठरवा." पावसाळ्यात भात आणि नाचणी. एके काळी सात वर्षं ठाण्याला इमारतींच्या कामावर गवंड्याच्या हाताखाली. तिथून हिंदी आणली आणि कंबरदुखी आणली. पण पाड्यावर त्याला शेतीसाठी कोणी ओळखत नाही. पाड्यावर तो रावण आहे.

बोहाडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. हा देवीचा उत्सव. होळीनंतर ज्या त्या गावाच्या सोयीनं बसतो. देवांची, राक्षसांची सोंगं मुखवटे बांधून, संबळ-पिपाणीच्या तालावर एकामागून एक निघतात. कुठलं सोंग कुठल्या घराचं हे आजे-पणज्यापासून ठरलेलं. भीम लक्ष्याच्या घराचा. रावण लाडक्याच्या घराचा. रावणाचा मुखवटा लाकडी, दहा तोंडांचा, वजन भरलेल्या हंड्याएवढं. तो बांधला की मान वळवायची सोय उरत नाही; बघायचं झालं तर आख्खं अंग वळवावं लागतं. बघायला मधल्या तोंडाच्या नाकपुड्यांची दोन भोकं. बस. एवढ्यावर लाडक्या अडतीस वर्षं नाचला. सोंग नुसतं बांधून चालत नाही, ते पेलावं लागतं, हा त्याचा शब्द. आणि पेलणं खांद्यात नसतं म्हणे. मानेत असतं.

गेल्या वर्षी ऐन नाचात गुडघा मोडल्यासारखा झाला. संबळवाल्यानं ताल लांबवला म्हणून निभावलं. लोकांना वाटलं रावण गुडघ्यावर बसून डरकाळी फोडणार आहे, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. लाडक्याला मात्र कळलं, आपलं संपलं.

मग यंदा रावण कोणाचा? पाड्याला हा प्रश्नच वाटत नव्हता. लाडक्याला मुलगा एक, हेमराज. तिशीचा, ठाण्याकडं एका गोदामात कामाला, सरळ पोरगा. यंदा पंधरा दिवसांची रजा टाकून आला होता. बापानं मुखवटा बांधून दिला, खळ्यात दिवसाउजेडी तालीम सुरू झाली. आणि लाडक्याला काहीतरी खटकायला लागलं. हेमराज पावलं बरोबर टाकायचा. ताल चुकायचा नाही. पण दर चार पावलांना थांबायचा, अंग इकडं वळवायचा, तिकडं वळवायचा. लोक बघतायत ना, हे बघत असल्यासारखा. रावण असा बघतो का? रावणाला ठाऊक असतं, लोक बघणारच.

हे एक वेळ चाललं असतं. पण चौथ्या दिवशी हेमराजला यायला उशीर झाला म्हणून शेजारच्या फागूला सांगितलं, बाबा, मुखवटा तेवढा घरातून खळ्यात आणून ठेव. फागू सत्तावीसचा, विहिरींच्या कामावर दगड फोडणारा. त्यानं मुखवटा हातात न धरता सरळ डोक्यावर घेतला, कारण तसा तो बरा पेलतो, आणि निघाला. नेमका तेव्हाच संबळवाला हात मोकळे करत होता. फागूची पावलं त्यात पडली. दहा पावलं, फार तर बारा. खळ्यातली बडबड थांबली. बाळी चुलीवर भाकर टाकून बाहेर आली होती, ती तशीच उभी राहिली आणि भाकर करपली. फागूनं मुखवटा उतरवून ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "कुठं ठेवू? इथं ठेवला, बघा." आणि गेला कामावर.

 लाडक्या हेमराजची तालीम घेत राहिला. चार दिवस गेले, मग बायकोला म्हणाला, "मुखवट्याला रंग आणायला जव्हारला जातो. हेमराजला नेतो."

"रंग आणा," बाळी म्हणाली. "न् डोळं पण आना नवं. दिसलं ते दिसलं नाय म्हनतासा."

असे बापलेक जव्हारला आले. लाल, निळा, पिवळा ऑइल पेंट, बेगडीचे दोन गठ्ठे, सरस. अकराला खरेदी आटोपली. मोखाड्याची एसटी होती साडेतीनला, आणि ऊन असं की डेपोतला बाक हात लावू देईना. बाजाराच्या कोपऱ्यावर एका वाचनालयाच्या माडीवर महिन्यातून एका रविवारी जुना सिनेमा दाखवतात, फुकट. ज्या बाई तो कार्यक्रम चालवतात त्यांना घाई फार आणि धीर कमी, त्यामुळं बाराचा सिनेमा बाराला सुरू होतो. दारात कविता उभी होती. जामसरची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, फोनवर सिनेमांची परीक्षणं बोलून टाकते आणि ती चारशे लोक ऐकतात. तिनं या दोघांना जिन्याच्या सावलीत टेकलेलं पाहिलं.

"काका, वर या की. पंखा आहे."

पंखा आहे म्हणून लाडक्या वर गेला. हे नीट लक्षात ठेवा, कारण नंतर तो सगळ्यांना सांगत सुटला की आपण सिनेमासाठी गेलो होतो.

सिनेमा 'काळी गोदी'. तीसेक वर्षांपूर्वीचा, हिंदी. बंदरावरचा एक हमाल बाबू लंगर पुढं गोदीचा भाई होतो, मालकाला उडवतो, पोलिसांना खिशात घालतो आणि शेवटी सख्ख्या भावाच्या दग्यानं मरतो. असे सिनेमे त्या काळी भाराभर निघाले. ह्याची सुरुवात मात्र वेगळी आहे. पहिली वीस मिनिटं भाई दिसतच नाही. हमाल गोण्या उचलतायत, आकड्यानं ओढतायत, आणि त्याचं नाव निघालं की आवाज खाली घेतायत. मागं संगीत नाही, नुसती क्रेनची घरघर. मग ओल्या फळीवर एक बूट पडतो. दुसरा पडतो.

"आला!" लाडक्या मोठ्यानं म्हणाला.

आख्खी माडी मागं वळली. हेमराजनं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. कॅमेरा बुटांवरून वर वर गेला: पांढरी विजार, पांढरा कोट, आणि त्या काळचा सगळ्यात गाजलेला चेहरा. पोरांनी शिट्या मारल्या. लाडक्या मागं टेकला. "हं," एवढंच म्हणाला.

पण भाईच्या मागं गाडीच्या दाराशी एक जण उभा होता. ड्रायव्हर. आख्ख्या सिनेमात त्याला दोन वाक्यं आहेत, त्यातलं एक 'जी भाई'. त्यानं दार उघडलं, भाई बसला, त्यानं दार लावलं. लाडक्या परत पुढं सरकला.

मग तो चहाच्या दुकानाचा प्रसंग येतो. भाई आत जाऊन माणूस मारतो आणि कॅमेरा आत जातच नाही. बाहेर ड्रायव्हरवर राहतो. तो गाडीची काच पुसतोय. आतून ओरडणं येतं. तो पुसतोय. ओरडणं थांबतं. तो त्याच जागी पुसत राहतो, जिथं काही लागलेलं नाही. लाडक्यानं हेमराजचं मनगट एवढं आवळलं की घड्याळाचा वळ उठला. "मान बघ," तो कुजबुजला. "मान बघ त्याची! हलली का? हलली?"

सिनेमा संपल्यावर चर्चा असते. कवितानं माईक घेतला. तिनं हिरोला दहापैकी नऊ दिले. मागं बसलेल्या एका मास्तरांनी आठ दिले आणि समाजाच्या अधःपतनावर बोलू लागले; बाईंनी त्यांना खाली बसवलं. बाईंचं मत, सिनेमातली चाळीस मिनिटं कात्रीनं उडवली तर तो आजही उभा राहील. मग कविताची नजर लाडक्यावर गेली, कारण तो बाकावर अर्धा उठलेला होता.

"काका, तुम्हाला काही बोलायचंय?"

"बोलू? एसटी साडेतीनला हाय."

"पाच मिनिटं बोला."

"पाच मिन्टात रावण खळ्यात पण येत नाय," लाडक्या म्हणाला आणि पुढं जाऊन उभाच राहिला. माईक घेतला नाही. गरज नव्हती.

"पयले चांगलं सांगतो. पाय आधी दाखवले, बरोबर केलं. सोंग पायातून येतं, तोंड मागून. वीस मिन्टं त्याला झाकून ठेवला, ते पण बरोबर. न् ते गोण्या उचलणारे? ते नट नाय. मी सात वर्षं सिमेंट वाहिलंय, आकडा धरणारी बोटं मला कळतात. खरे हमाल घेतले त्यांनी. पैसे दिले का नाय, देव जाणे."

लोक हसले. लाडक्याला हसू ऐकून चेव आला.

"आता वाईट. ती बाई बर्फात पातळ साडी नेसून नाचते, न् हा कोट घालून. अरे, तिला दे ना कोट! एवढा भाई झालास, दुसरा कोट नाय तुझ्याकडं?"

आता मुली टाळ्या वाजवायला लागल्या.

"न् मरतो कसा? अकरा गोळ्या. मी मोजल्या. न् अकरा खाऊन भाषण करतो, आईला, भावाला, बंदराला. आमचा रावण पडतो तेव्हा पडतो. परत उठून बोलत नाय. बोलला तर पोरं दगड मारतील. न् त्याची आई म्हणून जी आणली, ती त्याच्याहून धाकटी!"

"हे मात्र खरं," बाई म्हणाल्या.

"पण काका," कविता हटेना, "भाईच्या रोलला तोच पाहिजे होता. काय रुबाब आहे! डोळ्यांत काय दरारा आहे!"

"दरारा? पोरी, परत लाव न् बघ. तो दर दोन पावलांना बघतो, मी दिसतो का, मी दिसतो का. भाईला हे बघावं लागतं? सोंग त्याला पेललंच नाय. भाई कोण होता सांगू? काच पुसत होता तो!"

माडीवर एकदम गलका झाला. अर्धे म्हणाले खरंय, अर्धे म्हणाले छे. एक पोरगा बाकावर चढून ड्रायव्हरसारखी काच पुसून दाखवायला लागला. कविता लाल झाली.

"मग त्याला का नाही घेतलं भाई? का हिरोलाच घेतलं?"

"ते मला काय माहीत? सुरुवातीच्या पाट्या लावा परत."

पाट्या लावल्या. निर्मात्याचं आडनाव आणि हिरोचं आडनाव एकच. बाईंनी सांगितलं, निर्माते म्हणजे हिरोचे वडील.

लाडक्यानं मांडीवर थाप मारली. "सांगतो ना! बापाचा पिक्चर! बापानं सोंग घरात ठेवलं, न् ज्याचं होतं त्याला गाडीवर बसवलं! घरचं म्हणून दिलं की असंच व्हायचं!"

टाळ्या पडल्या. कवितासुद्धा हसली. लाडक्या विजयी मुद्रेनं मुलाकडं वळला. हेमराज रंगाच्या डब्यांकडं बघत होता. त्याला टाळ्या ऐकू येत होत्या की नाही कोण जाणे. लाडक्या तसाच उभा राहिला, हात मांडीवरच. आपण काय बोलून बसलो ते त्याला तेव्हा कळलं. त्या माडीवर ते कळलेले दोघंच होते.

एसटी साडेतीनची चारला सुटली. बापलेक एका बाकावर, मधे रंगाची पिशवी. घाट सुरू झाला. मग हेमराज खिडकीकडं बघत म्हणाला, "मी हिरो ना तुमचा?"

"मी पिक्चरचं बोललो."

"पिक्चरमधी रावण कुठं होता? तुम्ही तर रावणाचंच सांगत होता."

"अरे, बोलण्याच्या भरात..."

"भरात खरं निघतं. फागू पाहिजे तर फागू म्हणा ना सरळ! पंधरा दिवसांची रजा टाकली मी."

आवाज चढला तशी पुढच्या बाकावरची मालू वळली. वांगणीची म्हातारी, मांडीवर मोहाच्या फुलांचं गाठोडं. एसटीत भांडण चाललंय आणि आपल्याला विषय माहीत नाही, हे तिला सहन होण्यातलं नव्हतं.

"काय झाला रं? कुनाचा काय?"

"काय नाय आजी," लाडक्या म्हणाला. "पिक्चर बघितला. भाईचा."

"कुनाच्या भाईचा?"

"कुणाच्या नाय. गुंड. त्याच्या भावानंच त्याची सुपारी दिली."

मालूचा चेहरा खुलला. "ह्या बरा केला भावानं! कुनाची पोर?"

क्षणभर कोणाला कळेना. मग कंडक्टरला कळलं आणि तो दांड्याला धरून हसायला लागला. आपल्याकडं सुपारी फुटली की लग्न ठरलं; मालूला सुपारीचा दुसरा अर्थ ऐकून माहीत नव्हता. कंडक्टरनं समजावलं, आजी, ही सुपारी मारायची. पैसे देऊन माणूस मारायचा, त्याला सुपारी म्हणतात मुंबईला.

मालूनं ते नीट ऐकून घेतलं. "मारायला सुपारी देतात?" ती म्हणाली. "मंग लग्नाला काय देतात, गोळी?"

गाडी हसून हसून डोलली. हेमराजही हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि एकदा एवढं हसल्यावर त्याला परत रागावता येईना. पिशवी त्यानं मधून उचलून पायाशी ठेवली.

"बा," तो हळू म्हणाला, "मला मुखवट्यात जीव घाबरा होतो."

"काय?"

"त्या भोकातून काय दिसत नाय. वाटतं, आता पडणार. म्हणून वळून बघतो मी, कुठं हाय ते. लोक बघतात का म्हणून नाय बघत. लोक गेले खड्ड्यात."

 लाडक्यानं अडतीस वर्षं सोंग कळतं म्हणून मिरवलं. तासाभरापूर्वी एका पिक्चरची चिरफाड करून टाळ्या घेतल्या. आणि स्वतःच्या पोराची मान वाचायला चुकला.

"मग बोलला का नाय?"

"काय बोलू? तुमचा गुडघा गेला तरी तुम्ही नाचलात." हेमराजनं पायाशी ठेवलेली पिशवी सरळ केली. मग म्हणाला, "त्या हिरोचं पण तसंच असंल. त्याला पण बापानंच बांधला असंल मुखवटा."

मोखाडा आलं तेव्हा लाडक्याचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे त्याच्यापुरतं. पाड्याला पटायचं होतं, आणि त्याआधी फागूला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो विहिरीच्या कामावर गेला. फागू घण घालत होता. लाडक्यानं सरळ विचारलं, यंदा रावण घेशील का?

"काका, चेष्टा करू नका. मी नुसता आणून ठेवला होता."

"तेच. नुसता आणलास तर ते, नाचलास तर काय?"

"रावण तुमच्या घरचा. मी कोण?"

तेव्हा लाडक्यानं त्या उन्हात, दगडांच्या ढिगावर उभं राहून आख्खा सिनेमा सांगितला. नुसता सांगितला नाही, केला. गुडघा विसरून भाईची चाल चालला. बर्फातलं गाणं त्यानं टॉवेल कमरेला गुंडाळून म्हटलं, आणि कामावरच्या बायका पाट्या टाकून हसत बसल्या. अकरा गोळ्या एकेक करून खाल्ल्या. मग काच पुसायचा प्रसंग आला. लाडक्या एका सपाट धोंड्यासमोर उभा राहिला आणि टॉवेलानं तो पुसत राहिला. एकाच जागी. कोणी हसलं नाही.

"मग?" फागू म्हणाला. "त्या ड्रायव्हरचं काय झालं पुढं?"

"काय होणार? भाई मेला. ह्यानं गाडी लावली न् गेला."

"कुठं?"

"दाखवलं नाय."

"दाखवलंच नाय?" फागूनं घण खाली टाकला. "हे बरोबर नाय, काका!"

"मी पण तेच म्हणतो. म्हणून तर आलोय."

संध्याकाळी पाड्याची बैठक बसली. अपेक्षेप्रमाणं लक्ष्या उठला. "रावण दुसऱ्या घरात गेला, तर उद्या माझा भीम मागायला येतील. परवा गणपती. मग घरांना राहिलं काय?" त्याचं भय खोटं नव्हतं. भीम हीच त्याची मिळकत होती. जमीन तर सगळी खडकाची. दोघं-तिघं त्याच्या बाजूनं झाले. लाडक्या भाईची गोष्ट परत सांगायला लागला, तर लक्ष्या म्हणाला, "तुझा पिक्चर ठेव तुझ्याजवळ. इथं देवीचं काम हाय." आणि लाडक्या खाली बसला.

बाळी पायरीवर उडीद निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मुखवटा घरातनं हालनार नाय," ती म्हणाली. "रंग आम्ही देऊ, नारळ आम्ही फोडू, सांभाळू आम्ही. घर मुखवट्याला हाय. मानंला कुठं घर हाय? भीमाला उद्या मान गावली नाय, तर लक्ष्याभाऊ, भीम काय खुटीला टांगून ठेवशील?"

 लक्ष्याला मुली तीन, मुलगा नाही. तो प्रश्न त्याच्या घरात आधीच येऊन बसलेला असणार. शेवटी तो कबूल झाला, पण एक अट घातली. रावणाच्या पुढं त्याच्या घरचा माणूस पाहिजे. तोंड रावणाकडं, पाठ लोकांकडं, उलटं चालत त्याला वाट दाखवायची. म्हणजे देवीला कळेल सोंग कुणाचं ते.

सगळ्यांनी हेमराजकडं बघितलं. हेमराज लगेच हो म्हणाला नाही. "विचार करतो," म्हणाला आणि उठून गेला. सकाळी खळ्यात तो फागूच्या आधी येऊन उभा होता.

आणि काय सांगू, त्या कामात पोराला तोड नव्हती! मुखवट्यातून काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे आख्ख्या पाड्यात दोघांनाच ठाऊक, आणि त्यातला एक गुडघा धरून बसलेला. "डावा पाय, खड्डा. थांब, बाई बसलीय. आता ये, ये, मोकळं हाय," असं तो संबळाच्या तालात बोलायचा, आणि दहा तोंडांचं ते धूड त्याच्या आवाजावर सरकत यायचं, मान इंचभर न हलवता. लाडक्या खळ्याच्या कडेला उभा राहून ओरडायचा. काय ओरडायचा त्याचं त्याला कळत नसे. बाळीनं दोनदा त्याला धरून बसवलं.

बोहाड्याचं वर्णन करणार नाही. मशालींची वर्णनं लोकांनी पुष्कळ केली आहेत. फागू मांडवाच्या एका खांबाला धडकला आणि रावणाचं डावीकडचं शेवटचं तोंड टवकलं, एवढं सांगते, नाहीतर सगळं गोड झालं असं वाटायचं. रावण आला तेव्हा जव्हारहून बाईंबरोबर आलेली कविता फोन वर धरून उभी होती आणि चित्रण सुरू करायचं विसरली, हेही सांगते.

दुसऱ्या दिवशी बाई परत निघाल्या, तेव्हा लाडक्या त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आला. हातात पिशवीभर नाचणीचं पीठ. जीपची वाट बघत दोघं उभे राहिले.

"बाई, एक काम होतं."

"बोला."

"तो ड्रायव्हर. पिक्चरमधला. त्याचं नाव काय?"

बाईंनाही माहीत नव्हतं. पाट्यांमध्ये मोठी नावं होती, मग घाईनं वर जाणारी बारीक नावं.

"शोधा ना. तुमच्याकडं मशीन हाय. जिता असला तर पत्ता मिळंल. त्याला एक पत्र टाका. लिहा, मोखाड्याकडं एक माणूस हाय, अडतीस वर्षं रावण नाचलाय. तो म्हणतो, भाई तू होतास. एवढंच. पैसे-बिसे काय नको, भेटायला पण नको. त्याला कोणी सांगितलं नसंल, बाई. आम्ही फागूला सांगितलं. त्याला कोण सांगणार?"

"लिहिते," बाई म्हणाल्या. "ह्याच आठवड्यात."

जीप आली. त्या आठवड्यात बाईंच्या दाढेनं उचल खाल्ली. पुढच्या आठवड्यात त्यांनी पाट्या दोनदा लावून बघितल्या. बारीक नावं सत्तावीस, कोणी काय काम केलं ते कुठंच लिहिलेलं नाही. मुंबईत एक ओळखीचे गृहस्थ आहेत, जुन्या सिनेमांचं ज्यांना सगळं पाठ आहे, त्यांना फोन करायचा होता. लाडक्यानं हेमराजच्या फोनवरून एकदा विचारलं, मग वैशाखात एकदा विचारलं. दोन्ही वेळा बाई म्हणाल्या, करतेच आहे. नंतर त्यानं विचारलं नाही.

फोन मी अजून केलेला नाही. पत्रही लिहिलेलं नाही.